पंक्तिप्रपंच आणि आत्मपरीक्षण

प्रभुभोजनाच्या रविवारी भाकर मोडण्याआधी पाळक सांगतात की प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी, आणि मंडळीत मिनिटभर शांतता पसरते. कॅथलिक देवळात मिस्साच्या सुरुवातीला अशीच थोडी उसंत मिळते. त्या मिनिटात आपण काय करतो? बहुधा डोळे मिटून मनात उतरतो आणि हाती लागेल ते मोजतो. सकाळची प्रार्थना किती वेळा चुकली, शास्त्रवाचनात खंड पडला का, उपासनेत मन लागतं का, गाताना पूर्वीसारखे डोळे भरून येतात का. हिशेब जमेचा निघाला तर हायसं वाटतं, तोट्याचा निघाला तर अपराधी वाटतं, आणि दोन्ही भावना दुपारच्या जेवणापर्यंत विरून जातात. माझं म्हणणं असं आहे की या परीक्षेत आपण पुरावा चुकीच्या जागी शोधतो. आत्मिक जीवनाची खरी अवस्था मनात डोकावून फारशी कळत नाही. आजूबाजूच्या माणसांशी, त्यातही ज्यांचं आपल्यापुढे काही चालत नाही अशा माणसांशी आपण कसे वागलो, यावरून ती कळते. हे म्हणणं माझ्या पदरचं नाही. पाळकांची ती सूचना ज्या पत्रातून आली आहे, त्याच पत्रात ते लिहिलेलं आहे.

प्रेषित पौलाने करिंथकरांना पहिलं पत्र इ. स. ५५ च्या आसपास इफिसहून लिहिलं. करिंथ हे दोन बंदरांच्या मधलं गजबजलेलं व्यापारी शहर. तिथल्या नव्या मंडळीत पैसेवाले होते, कारागीर होते, गुलामही होते. स्वतंत्र प्रार्थनामंदिर नव्हतं, तेव्हा सगळे एखाद्या ऐपतदार सदस्याच्या घरी जमायचे, आणि प्रभूची भाकर व प्याला हा पोटभर जेवणाचाच भाग असायचा. अकराव्या अध्यायातली पौलाची तक्रार या जेवणाबद्दल आहे. काही जण आपलं आणलेलं आधीच खाऊन मोकळे होतात, एखादा उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन तर्र झालेला असतो. रोमन धाटणीच्या मोठ्या घरात जेवणाच्या दालनात नऊ-दहा जण कोचांवर रेलून जेवू शकत. बाकीच्यांची सोय बाहेरच्या चौकात. त्यावरून काही अभ्यासकांचा तर्क असा की यजमानाच्या बरोबरीचे लोक लवकर येऊन आत जेवून घेत, आणि दिवसभराचं काम उरकून उशिरा पोचणाऱ्या मजुराच्या किंवा गुलामाच्या वाट्याला बाहेरची जागा आणि उरलंसुरलं येई. आपल्याकडे याला पंक्तिप्रपंच म्हणतात. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही मान खाली घालायला लावता, असं पौल करिंथकरांना सुनावतो, आणि याच ओघात स्वतःची परीक्षा करण्याची आज्ञा देतो. प्रकरण मिटवताना त्याची सूचना अगदी घरगुती आहे: जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. म्हणजे परीक्षेचा विषय होता कोणाचं ताट आधी वाढलं गेलं आणि कोण दाराशी ताटकळला. जाता जाता आणखी एक. आपल्या कितीतरी मंडळ्यांत स्वतःला नालायक समजून प्रभुभोजनाच्या वेळी बाहेर जाणारे किंवा बाकावर खिळून राहणारे लोक दिसतात. पौल परीक्षा करून मग खायला सांगतो. परीक्षा करून घरी जा, असं तो कुठेही म्हणत नाही. त्याने दोष दिला आहे तो खाण्याच्या रीतीला. खाणाऱ्याच्या लायकीचा दाखला तो मागत नाही.

एका अध्यायावर एवढा डोलारा कशाला, असं कोणी विचारील. पण हा धागा नव्या करारात जागोजाग सापडतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचं जे चित्र आहे, त्यात उजवीकडचे आणि डावीकडचे दोघेही चकित होतात. भुकेल्याला जेवू घातलं, तुरुंगातल्याला भेटायला गेलो, हे उजवीकडच्यांच्या लक्षातच नव्हतं. आपण कोणाकडे पाठ फिरवली याचा डावीकडच्यांना पत्ताच नव्हता. दोघांनीही आदल्या रात्री डोळे मिटून मनाचा शोध घेतला असता, तर दोघांचंही उत्तर चुकलं असतं. योहानाच्या पहिल्या पत्रात तर सरळच म्हटलं आहे की दिसणाऱ्या भावावर ज्याचं प्रेम नाही, त्याचं न दिसणाऱ्या देवावर प्रेम असूच शकत नाही. गलतीकरांच्या पत्रातली आत्म्याच्या फळाची नऊ लक्षणं घ्या: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. बंद खोलीत एकट्याने बसून यातली किती दाखवता येतील? सहनशीलतेला समोर त्रास देणारं कोणीतरी लागतंच. पुढे १५७७ मध्ये आविलाच्या संत तेरेसांनी आत्म्याच्या सात दालनांवर ग्रंथ लिहिला. प्रार्थनेतल्या अत्यंत गूढ अनुभवांची ही जाणकार बाई. पण त्यांनी आपल्या मठातल्या भगिनींना बजावलं की देवावर आपलं प्रेम आहे की नाही याची खात्री करता येत नाही, शेजाऱ्यावर आहे की नाही हे मात्र कळतं, म्हणून नजर तिथे ठेवा. ज्यांना भावसमाधीचा अनुभव होता, त्यांनीच त्या अनुभवाला पुरावा मानायचं नाकारलं.

भावना पुरावा म्हणून का टिकत नाही, याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण मदर तेरेसांचं. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये त्यांची खाजगी पत्रं प्रसिद्ध झाली आणि जगाला कळलं की कोलकात्यात मरणासन्नांची सेवा करणाऱ्या या बाईला जवळजवळ अर्धशतक प्रार्थनेत देवाचा स्पर्श जाणवत नव्हता. आत कोरडेपणा आणि अंधार होता. मनातल्या उबेवर मोजलं असतं तर त्यांचं आत्मिक जीवन नापास ठरलं असतं. उलट बाजूही तितकीच खरी. भक्तिसभेत तीन तास रडून आलेला माणूस घरी आल्यावर जेवण गार झालं म्हणून ताट भिरकावू शकतो. त्याचं रडणं खोटं होतं असं मला म्हणायचं नाही. ते खरंच असेल. पण आवाज, गर्दी, वाद्यं, थकवा, एकटेपणा, झोप आणि रक्तातली साखर या सगळ्यांनी भावना वरखाली होत असते, आणि इतक्या गोष्टींनी हलणारा काटा मोजमापाला चालत नाही. भावना अगदीच टाकाऊ, असंही नाही. इग्नेशियस लोयोला १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने जायबंदी होऊन अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की शौर्याच्या आणि राजदरबारच्या स्वप्नांत तासन्‌तास रमलं तरी नंतर मन कोरडं होतं, संतांच्या मार्गाने जाण्याचे विचार मात्र संपल्यावरही समाधान ठेवून जातात. त्यांनी त्या क्षणीच्या भावनेला महत्त्व दिलं नाही. मागे काय उरतं आणि ते आपल्याला कुठे नेतं, हे पाहिलं. तेवढ्यापुरती भावना कामाची.

इथे माझ्या म्हणण्याला एक जड आक्षेप येतो, आणि तो मराठी ख्रिस्ती इतिहासातूनच येतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, विधवांच्या शिक्षणासाठी जिवाचं रान केलं. पुढे त्यांनीच लिहून ठेवलं की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, स्वतः ख्रिस्त सापडला नव्हता. मग वागणं हाच पुरावा असेल, तर इतकी सेवा करणाऱ्या बाईला काहीतरी कमी आहे असं का वाटावं? माझ्या मते यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की वागणुकीचा पुरावा दोष दाखवायला चांगला, निर्दोष ठरवायला अपुरा. कामवाल्या बाईचा पगार अडवणाऱ्याची भक्ती पोकळ आहे हे निश्चित. पण पगार वेळेवर देणारा देवाच्या जवळ आहे, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. पौलही म्हणतो की सगळं धन गरिबांना वाटलं आणि प्रीती नसली, तर उपयोग शून्य. दुसरी गोष्ट: वागणूक पाहायची ती समारंभातली, फलकावर नाव येणारी पाहायची नाही. कोणी बघत नसताना आणि ज्याच्याकडून परतफेड होणार नाही अशा माणसाशी कसे वागलो, ते पाहायचं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहेत. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या काळात त्यांची झुंज मुख्यतः कोणाच्या हातचं पाणी प्यायचं आणि कोणाच्या हातचं अन्न खायचं याच्याशी आहे. सिद्धांतावरच्या चर्चेपेक्षा सोवळ्याची गाठ सुटणं हीच त्यांच्या आत्मिक प्रवासातली मोठी घटना वाटते. आणि ती स्वयंपाकघरात घडते. आपल्या ख्रिस्ती समाजात आजही लग्नाच्या चौकशीत मूळची जात हळूच विचारली जाते. ती विचारणारं घर रोज कुटुंबप्रार्थना करत असेल, तर परीक्षेचा पहिला प्रश्न प्रार्थनेबद्दलचा नसावा.

आता प्रत्यक्ष करायचं काय? नवी पद्धत शोधायची गरज नाही. इग्नेशियस यांनी मानरेसा इथे १५२२-२३ मध्ये ज्या टिपणांना सुरुवात केली, त्यांचं ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक १५४८ मध्ये पोपच्या मान्यतेने निघालं. त्यात रोजच्या परीक्षेचे पाच टप्पे आहेत: आधी मिळालेल्या देणग्यांबद्दल देवाचे आभार, मग स्वतःचे दोष दिसावेत म्हणून प्रकाशाची मागणी, मग उठल्यापासून तासातासाने दिवस डोळ्यांपुढून नेणं, मग क्षमा मागणं, शेवटी सुधारण्याचा निश्चय. हा क्रम मोडू नये, आणि आभाराची पायरी तर मुळीच गाळू नये, असं मी आग्रहाने सांगेन. त्याच पुस्तकात एकाच खोडीचा पाठपुरावा करण्याची दुसरी रीतही आहे, तिच्यासाठी आठवड्याच्या सात दिवसांच्या जोडरेघा छापलेल्या असतात. खोडी जितक्या वेळा घडली तितके ठिपके रेघेवर द्यायचे आणि कालच्याशी आजचे, गेल्या आठवड्याशी या आठवड्याचे ताडून पाहायचे. सैनिकी पेशातून आलेल्या माणसाची ही व्यवहारी बुद्धी मला आवडते. ठिपक्याला भावना नसते. ख्रिस्तपुराण रचणारे फादर थॉमस स्टीफन्स इग्नेशियस यांनीच स्थापलेल्या येशूसंघाचे, तेव्हा ही शिस्त आपल्या भागाला चारशे वर्षांहून जुनी आहे. अलीकडच्या काळात फादर अँथनी डिमेलो यांनी पुण्यात सुरू केलेली आणि पुढे लोणावळ्याला गेलेली साधना संस्थाही याच परंपरेतली. प्रोटेस्टंट वाचकाने ही पद्धत कॅथलिकांची म्हणून दूर ठेवण्याचं कारण नाही. तिच्यातला प्रत्येक टप्पा स्तोत्रसंहितेत आधीपासून आहे.

या पद्धतीत मी एकच भर घालीन: तासातासाने दिवस पाहताना माणसांच्या नावाने पाहावा. समजा, एक बँकेत काम करणारी बाई आहे. सकाळी सहाला उठून तिने अध्याय वाचला, प्रार्थना केली. साडेआठला घरकामाच्या मावशी उशिरा आल्या, तेव्हा जिन्यात शेजारीण उभी असतानाच ती त्यांना टाकून बोलली. दुपारी हाताखालच्या मुलाने केलेली चूक साहेबांसमोर तिने त्याच्या नावावर न ढकलता आपल्या टेबलाची म्हणून सांगितली. रात्री सासूबाईंनी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला आणि तिने मोबाइलवरून डोळे न काढता हुं केलं. झोपताना ती प्रार्थनेत म्हणते, प्रभू, आज माझी चिडचिड झाली, क्षमा कर. या वाक्यात मावशी नाहीत, सासूबाई नाहीत, जिना नाही. त्यामुळे त्यातून उद्या करण्यासारखं काही निघत नाही. याउलट ती मनाशी म्हणाली की साडेआठला मावशींना चारचौघांत बोलले, तर पुढची पायरी आपोआप दिसते. उद्या त्यांची एकटीत माफी मागायची, आणि उशीर का होतो ते विचारायचं. कदाचित पोराची शाळा, कदाचित बस. शिवाय दुपारच्या त्या मुलाच्या बाबतीत जे झालं ते आभाराच्या यादीत जाईल. नुसत्या चिडचिडीच्या कबुलीत ते हरवून गेलं असतं. याला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. घड्याळ लावा आणि वेळ संपली की उठा. क्षमा मागायची ती देवाजवळ तर मागायचीच, पण ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडेही जायचं. वेदीपाशी अर्पण सोडून आधी भावाशी समेट कर, हा डोंगरावरच्या प्रवचनातला क्रम उपासनेत व्यत्यय आणणारा आहे, आणि तो मुद्दामच तसा आहे.

परीक्षा झाली, जोपासनेचं काय? इथे आपली सवय सरसकट औषध देण्याची आहे. मन लागत नाही, प्रार्थना वाढवा. राग येतो, प्रार्थना वाढवा. नवऱ्याशी पटत नाही, उपवास धरा. मला वाटतं, पोषण उणिवेला धरून असावं. कष्टी, घाबरलेल्या माणसाने आठवडाभर रोज एक विलापस्तोत्र मोठ्याने वाचावं; दीडशे स्तोत्रांत गाऱ्हाण्यांचा वाटा मोठा आहे, आणि देवाशी भांडण्याची भाषा तिथे आयती मिळते. ज्याला शास्त्रवचनं पाठ आहेत पण येशू कसा बोलत-चालत होता हे धूसर झालं आहे, त्याने मार्काचं शुभवर्तमान एका बैठकीत वाचून काढावं. सोळाच अध्याय आहेत, दीड-दोन तासांत होतं. रात्री घरच्यांवर खेकसणारा जर पाच तास झोपत असेल, तर पहाटेची प्रार्थना आणखी आधी नेण्यापेक्षा त्याने लवकर झोपावं. शब्बाथाची विश्रांतीही देवाचीच आज्ञा आहे. पैशाच्या बाबतीत हात आखडत असेल तर दानाचा आकडा महिन्याच्या पहिल्या तारखेला बाजूला काढावा, शिल्लक उरल्यावर कोणी देत नाही. आणि जो आपल्यासारख्याच लोकांत उठतो-बसतो, त्याने लूकाच्या चौदाव्या अध्यायातला येशूचा सल्ला शब्दशः घ्यावा: परतीचं आमंत्रण देऊ शकणार नाहीत अशांना जेवायला बोलवावं. नाताळातलं करंज्यांचं ताट कोणत्या घरांत जातं आणि कोणत्या घरांवरून पुढे जातं, हे पाहिलं तरी बरंच कळेल.

एवढं वाचून काही वाचकांच्या मनात शंका दाटली असेल. तारण कृपेने मिळतं, कर्माने नाही. मग हा वागणुकीचा हिशेब म्हणजे मागच्या दाराने कर्मकांड आणणं नाही का? ही शंका प्रामाणिक आहे आणि तिला उत्तर दिलंच पाहिजे. देवाने स्वीकारावं म्हणून ही परीक्षा करायची नसते. त्याने आधीच स्वीकारलं आहे, या भरवशावर ती करता येते. तो भरवसा नसेल तर माणूस स्वतःपासूनही लपवतो. परूशी आणि जकातदाराच्या दाखल्यात खरं बोलायची ताकद दयेवर टेकलेल्या जकातदाराकडे आहे. दुसरं, कृपेचं नाव घेऊन वागणूक प्रश्नाबाहेर ठेवण्याचे परिणाम विसाव्या शतकाने पाहिले आहेत. डिट्रिच बोनहोफर या जर्मन पाळकाने १९३७ मध्ये शिष्यत्वावर पुस्तक लिहून स्वस्त कृपेवर कोरडे ओढले, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर हिटलरपुढे मान तुकवणारी, शुद्ध सिद्धांताची मंडळी होती. त्याला १९४५ मध्ये फाशी दिलं गेलं. शेजारच्या यहुद्याचं काय झालं, हा प्रश्न त्या मंडळींतल्या कित्येकांच्या आत्मपरीक्षणात कधी आलाच नाही.

दुसरी हरकत उलट दिशेची: रोज दोष हुडकत बसलं तर माणूस झुरेल. तीही खरी आहे. स्वतः इग्नेशियस मानरेसात जुन्या पापांच्या शंकांनी इतके पछाडले गेले की जीव देण्याचा विचार मनात येऊ लागला. मागची पापं पुन्हा कबूल करायची नाहीत असं ठरवलं, तेव्हा त्यातून सुटले. तरुण मार्टिन ल्यूथर तासन्‌तास पापांची कबुली देत, आणि त्यांचे वडीलधारे श्टाउपिट्झ त्यांना स्वतःवरून नजर उचलून ख्रिस्ताकडे पाहायला सांगत. म्हणूनच वर घड्याळाचा आणि आभाराचा आग्रह धरला. ज्याला एकच पाप पुन्हा पुन्हा कबूल करूनही चैन पडत नाही, प्रार्थनेतला एखादा शब्द चुकला म्हणून ती मुळापासून सुरू करावीशी वाटते, झोप उडते, त्याने ही परीक्षा काही काळ बंदच ठेवावी आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. हा मंत्रचळ असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. त्याला विश्वासाची कमतरता म्हणणं अडाणीपणाचं आहे. बाकीच्यांसाठी सांगायचं तर, माणसांच्या नावाने केलेली परीक्षा झुरायला कमी वाव देते, कारण ती स्वतःभोवती फिरत न राहता बाहेर, दुसऱ्याच्या दारापर्यंत नेते.

चांगलं वागणारे तर इतर धर्मांतही आहेत, मग यात ख्रिस्ती असं काय, असंही विचारलं जातं. याचं उत्तर थोडक्यात देता येईल. चांगुलपणावर आपली मक्तेदारी असल्याचा दावा येशूने केला नाही. वाटेत जखमी पडलेल्याला उचलणारा माणूस त्याने गोष्टीत मुद्दाम शोमरोनी निवडला. भुकेल्यात आणि परक्यात स्वतः तोच आपल्याला भेटतो, हे आपण मानतो, एवढं ख्रिस्ती आहे. आणि ते मानणाऱ्याची जबाबदारी वाढते.

खरी अडचण निराळीच आहे: आपल्या वागण्याचा साक्षीदार आपणच असलो तर साक्ष फिरते. पौल करिंथकरांना सांगतो की माझं मन मला खात नाही, पण तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही. यावर उपाय म्हणजे दुसरं माणूस. ब्रिस्टलमध्ये १७४२ साली मेथॉडिस्टांच्या इमारतीवरचं कर्ज फेडायला दर आठवड्याला माणशी एक पेनी जमवायचं ठरलं. साधारण बाराजणांमागे एक, असे वसुली करणारे घरोघर जाऊ लागले. पैशाबरोबर ते बातम्याही घेऊन आले: अमुक माणसाचं घरचं वागणं ठीक दिसत नाही. जॉन वेस्लींनी ओळखलं की आपल्याला हवं होतं ते हेच, आणि वसुलीच्या त्या गटांतून मेथॉडिस्टांचे साप्ताहिक ‘क्लास’ उभे राहिले. सभेत न दिसलेलं उंबरठ्यावर दिसलं होतं. आपल्याकडे मात्र ही कल्पना जपून वापरायला हवी. लहान मंडळी, सगळे एकमेकांचे सोयरे. सकाळी सांगितलेलं संध्याकाळी गावभर होतं. तेव्हा साक्षीदार शक्यतो आपल्या मंडळीबाहेरचा, वयाने-अनुभवाने प्रौढ, आणि आपल्या नोकरी-पदावर ज्याचा अधिकार चालत नाही असा असावा. कॅथलिकांना पापनिवेदनाच्या गुप्ततेचं संरक्षण आहे, त्याचा उपयोग करावा. ऐकलेलं नंतर धाक दाखवायला वापरणारा, किंवा लग्न, पैसा, मतदान अशा प्रत्येक बाबतीत देवाचा निरोप आणणारा पुढारी भेटला, तर त्याच्यापुढे तोंड उघडू नये आणि तिथून निघावं.

सगळ्यात जवळचे साक्षीदार घरातच असतात, आणि त्यांना विचारायला आपण सगळ्यात जास्त कचरतो. तीन-चार महिन्यांतून एकदा विचारावं. तेही मोघम नको. मी कसा आहे, असं विचारलं तर चांगले आहात, एवढंच ऐकायला मिळेल. माझ्या कोणत्या वागण्याला तुम्ही घाबरता, गेल्या महिन्यात मी कोणाचा अपमान केला असं तुम्हाला वाटतं, असं नेमकं विचारावं. बायकोला, नवऱ्याला, मुलांना वेगवेगळं विचारावं. कॉलेजात जाणारी मुलं आईवडिलांसमोर जे बोलतील त्यापेक्षा एकेकटी जास्त बोलतात. उत्तर मिळालं की लगेच खुलासा करायचा नाही. त्या दिवशी मी दमलो होतो, तूही काही कमी नाहीस, हे मनात आलं तरी गिळायचं, निदान आठवडाभर. घरचे गप्पच राहिले, एकमेकांकडे बघून विषय बदलायला लागले, तर त्यालाच उत्तर समजावं. त्या रात्रीच्या परीक्षेत बाकीचे ठिपके बाजूला ठेवून एवढंच पाहावं की या माणसांना माझ्यासमोर बोलायची भीती केव्हापासून वाटायला लागली आणि ती कमी व्हावी म्हणून उद्या मी काय सोडून देऊ शकतो: चढा आवाज, शेवटचा शब्द आपलाच असावा हा हट्ट, की वचनाचा दाखला देऊन त्यांचं तोंड बंद करण्याची सवय.